ऐच्छिक विषयांचा रकाना

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की आमच्या दापोलीच्या बाजारपेठेत एक वेगळीच लगबग सुरू होते. झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगा लागतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड असे सगळे पिशवीत घालून पालक हिंडत असतात. "कुठली साइड घेतली?" हा प्रश्न चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत ऐकू येतो. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स या तीन शब्दांत सोळा वर्षांच्या मुलाचे भवितव्य बसवून लोक मोकळे होतात. परंतु खरी मेख असते ती साइड घेतल्यानंतर हातात पडणाऱ्या कागदात. त्या कागदावर 'ऐच्छिक विषय' असा एक रकाना असतो. तो भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. मी तो २०२१ साली भरला आणि माझ्या धाकट्या भावाने २०२५ साली. त्या दोन रकान्यांची ही हकिगत आहे.

मी दहावीला होते ते वर्ष करोनाचे. बोर्डाची परीक्षाच रद्द झाली आणि नववीचे गुण व शाळेतले मूल्यमापन यांवर आमचा निकाल लागला. परीक्षा न देता पास झाल्याचा आनंद दोन दिवस टिकला. मग लक्षात आले की आपल्याला कोणता विषय खरोखर येतो आणि कोणता येत नाही, हे आपले आपल्यालाच माहीत नाही. भूमितीशी माझे बरे होते. बीजगणिताची मात्र धास्ती होती. ऑनलाइन तासांत रेंज गेली की समीकरणाच्या मधल्या दोन पायऱ्या गळून जात आणि पुढचे सगळे जादूसारखे वाटे.

तरीही मी सायन्स घेतले. त्याचे कारण मी घरात कोणालाच सांगितले नव्हते. सातवीत असताना गावच्या वाचनालयातून जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' हे पुस्तक मी आणले होते. निम्मे कळले नाही, पण ते परत करवेना. मुदत वाढवून वाढवून शेवटी ग्रंथपालकाका म्हणाले, "अगं, दुसऱ्या कोणाला वाचू दे की!" थंडीच्या दिवसांत आमच्या अंगणातून आकाश फार स्वच्छ दिसते. मृग नक्षत्र डोक्यावर आले की मला वाटे, आपणही केंब्रिजला जावे, खगोलशास्त्र शिकावे. बाबा एसटीत कंडक्टर. त्यांच्यापुढे केंब्रिजचे नाव काढायचे म्हणजे ते हसतील, अशी भीती. त्यामुळे स्वप्न पोटातच राहिले.

प्रवेशाच्या दिवशी तो कागद हाती आला. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मी लिहिले. उरले दोन. ओळखीचे एक शिक्षक तिथेच उभे होते. ते आपुलकीने म्हणाले, "गणिताच्या भानगडीत कशाला पडतेस? गणिताशिवायही सायन्स होते. बायो घे, भूगोल घे. टक्के चांगले पडतील. मुलींना पुढे नर्सिंग आहे, फार्मसी आहे." बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. जीवशास्त्र आणि भूगोल. भाषा म्हणून इंग्रजी व मराठी. सहा विषय, सहाशे गुण. रकाना भरला आणि आम्ही समोरच्या हॉटेलात जाऊन मिसळ खाल्ली. एक ओझे उतरल्यासारखे वाटले होते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांनी मला गुणांचा सल्ला दिला. मला कुठे जायचे आहे हे मी त्यांना सांगितलेच कुठे होते?

चूक कळायला दीड वर्ष लागले. अकरावीच्या भौतिकशास्त्रातच पहिली चाहूल लागली. वेग म्हणजे स्थानाच्या बदलाचा दर, हे वाक्य समजले. पण त्याखालचे चिन्ह गणिताच्या वर्गात शिकवले जात होते आणि मी त्या वेळी भूगोलाच्या तासाला असे. मैत्रिणीची वही पाहून मी उदाहरणे उतरवून घेत गेले. मग बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी फोनवर ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी वाचायला बसले. भौतिकशास्त्र, खगोलभौतिकी, कुठलीही पदवी काढा: गणित हवे, भौतिकशास्त्र हवे. रसायनशास्त्राचा फारसा आग्रह नव्हता. जीवशास्त्राचे तर नावही नव्हते. मला दोन वर्षे ज्याची धास्ती वाटली, नेमका तोच एक विषय प्रत्येक दारावर लिहिलेला होता.

त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली, जी पुस्तक वाचताना माझ्या ध्यानात आली नव्हती. नारळीकर १९५७ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयातून बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले ते गणित शिकायला. १९५९ साली ते रँग्लर झाले, ती गणिताचीच परीक्षा. तारे त्यानंतर. आणि आमच्या दापोली तालुक्यातले मुर्डी तर माझ्या घरापासून फार लांब नाही. तिथले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. त्यांचे नाव शाळेत दरवर्षी ऐकत आले होते. ते नेमके कोणत्या विषयात पहिले आले, याचा विचार कधी केला नव्हता.

बारावीनंतर मी कला शाखेत आले आणि भूगोल घेतला. याचे मला दुःख आहे असे कोणी समजू नये. भरती-ओहोटी, मान्सून, जांभा दगड यांनी मला भरपूर दिले. परंतु एखादी गाडी आपण विचार करून सोडणे निराळे आणि फलाट चुकल्यामुळे सुटणे निराळे. माझी दुसऱ्या प्रकारची होती.

आता धाकट्याची गोष्ट. १३ मे २०२५ रोजी दहावीचा निकाल लागला. त्याला गुण उत्तम पडले, गणितात तर फारच. आईने देवापुढे साखर ठेवली. बरोबर एका आठवड्याने, २० मे रोजी, पुण्यात नारळीकरांचे निधन झाल्याची बातमी आली. त्या रात्री मी बराच वेळ अंगणात बसले होते आणि तिथेच मी मनाशी ठरवून टाकले: माझे हुकले ते हुकले, याचे हुकू द्यायचे नाही. "मला बाहेर जाऊन सायन्स शिकायचंय," असे तो वर्षभर म्हणतच होता. कोणते सायन्स, हे मी विचारले नाही. मला वाटले, मला ठाऊकच आहे.

दुसऱ्या दिवशी दोनशेपानी वही घेतली आणि देशवार अटी उतरवायला लागले. जर्मनीत एम.एस. करणाऱ्या मामेभावाला फोन करून भंडावून सोडले. त्या वहीतले थोडे इथे सांगते. कोणाच्या तरी घरी पुढल्या जूनमध्ये उपयोगी पडेल.

इंग्लंडमधील मुले शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे ए लेव्हलला, बहुधा तीनच विषय घेतात. विद्यापीठातही पहिल्या दिवसापासून एकाच शास्त्राची पदवी सुरू होते आणि ती तीन वर्षांत संपते. त्यामुळे मागचे विषय कोणते हवेत, हे ते आधीच स्पष्ट सांगतात. भौतिकशास्त्राला गणित आणि भौतिकशास्त्र. रसायनशास्त्राला रसायन, आणि बऱ्याच ठिकाणी जोडीला गणित. वैद्यकाला रसायन, बहुतेक ठिकाणी जीवशास्त्रही. संगणकशास्त्राची गंमत अशी की तिथे गणित मागतात. शाळेत संगणक हा विषय घेतलेलाच असावा, असा आग्रह बहुतेक ठिकाणी नसतो. आपल्या बारावीची गुणपत्रिका पाहतानाही ते नुसती टक्केवारी पाहून थांबत नाहीत, त्या त्या विषयातले गुण वेगळे पाहतात. स्कॉटलंडमध्ये पदवी चार वर्षांची, म्हणून सुरुवातीला थोडी ऐसपैस जागा असते.

अमेरिकेत पदवी चार वर्षांची आणि अनेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवला तरी चालतो. ऐकायला सोपे वाटते. पण ते नववीपासून बारावीपर्यंतची सगळी प्रगती पाहतात, आणि शास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कलनशास्त्राला तोंड द्यावे लागते. आपल्याकडे हे कलन अकरावी-बारावीच्या गणितातच येते; गणित सोडलेल्याला ते नीट शिकायला मिळत नाही.

जर्मनीचा कायदा निराळा. आपली बारावी तिथे थेट प्रवेशाला सहसा पुरत नाही. भारतात एक वर्ष पदवीचे शिक्षण तरी झालेले असावे, किंवा जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असावे; नाही तर तिथल्या 'श्टुडिएनकोलेग'मध्ये पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यायची. त्यातही शाखा आहेत: तंत्रज्ञान व गणिताकडे जाणाऱ्यांची वेगळी, वैद्यक व जीवशास्त्राकडे जाणाऱ्यांची वेगळी. सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नसते, मात्र पदवीचे शिक्षण बहुतांशी जर्मन भाषेत. मामेभाऊ म्हणाला, "ताई, त्याला सांग, विषय कुठलाही घे, पण भाषा आत्तापासून शीक."

ऑस्ट्रेलियाची एक रीत मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटली. तिथे काही अभ्यासक्रमांना विषयाची सक्ती नसते. 'हे ज्ञान तुमच्याजवळ आहे असे गृहीत धरले आहे,' एवढेच लिहिलेले असते. म्हणजे दारात कोणी अडवत नाही. आत गेल्यावर पहिल्या आठवड्यात कळते की सगळे धावताहेत आणि आपण चालायला शिकतो आहोत. ही मला तर सक्तीपेक्षा कठीण वाटली.

मुंबई-पुण्याकडच्या काही शाळांत आय.बी. नावाचा अभ्यासक्रम असतो. सहा विषय, त्यातले साधारण तीन वरच्या पातळीवर. तिथे तर गणितच दोन तऱ्हेचे आहे, एक विश्लेषणाचे आणि एक उपयोजनाचे. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्राला पुष्कळ विद्यापीठे पहिलेच पसंत करतात. म्हणजे नुसते 'गणित घेतले' म्हणूनही भागत नाही.

चार दिवस खपून ही वही मी तयार केली आणि एका संध्याकाळी धाकट्यापुढे ठेवली. वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कॉम्प्युटर. जीवशास्त्रावर मी फुली मारली होती. त्याने शांतपणे पाने उलटली आणि म्हणाला,

"ताई, हे सगळं चांगलं आहे. पण हे तुझं आहे. मला समुद्र शिकायचाय."

मी गप्पच झाले. तो पुढे म्हणाला, "तुझा राहिलेला रकाना माझ्या फॉर्मवर कशाला भरतेस?"

मला राग आला, मग लाज वाटली. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, ती बघायला तो आठवीपासून दरवर्षी पहाटे सायकल दामटत जातो, हे मला माहीत होते. मला तो छंद वाटला होता. तिथेच त्याला इंग्लंडहून आलेली एक विद्यार्थिनी भेटली होती. ती प्लिमथला सागरी जीवशास्त्र शिकत होती. तिच्याशी मोडक्या-तोडक्या इंग्रजीत बोलून आल्यापासून 'बाहेर जाऊन सायन्स' हे त्याच्या डोक्यात बसले होते. माझ्या आकाशासारखाच त्याचा समुद्र त्यानेही कोणाला सांगितला नव्हता. आमच्या घराण्याची ही रीतच दिसते!

वहीचे नवे पान काढले. आता अटी वाचायच्या त्या सागरी जीवशास्त्राच्या. जीवशास्त्र तर हवेच. त्याच्या जोडीला आणखी एखादे शास्त्र किंवा गणित, असे ठिकठिकाणी आढळले. जीवशास्त्राच्या पदव्या पाहत गेले तसे एक नाव सोबतीला वारंवार येत होते, रसायनशास्त्र. आपल्याकडे लोक 'मॅथ्स की बायो' एवढाच वाद घालतात. रसायनाला कोणी विचारत नाही, कारण ते सर्वांनाच असते. पण सजीवांच्या अभ्यासाचे दार पुष्कळदा तेच उघडते. कमला सोहोनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या त्या रसायन आणि भौतिक हे विषय घेऊन, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली ती जीवरसायनशास्त्रात.

म्हणजे जीवशास्त्रावरची माझी फुली खोडावी लागली. प्रश्न राहिला गणिताचा. "बायो घेतलं तर मॅथ्स कशाला? चार-चार शास्त्रं कोण करणार?" असे आता तोच म्हणू लागला. त्याचे सगळे मित्र एकच काही तरी धरत होते. मी या वेळी उपदेश केला नाही. तोंड एकदा भाजले होते. मी फक्त विचारले, "घरट्यातनं नर किती निघतात, माद्या किती, हे कसं ठरतं रे?"

त्याला हे पाठच होते. समुद्री कासवांत पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही सारखे. वाळू त्याहून तापली की माद्या वाढतात, थंड राहिली की नर. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. "आता वाळू दरवर्षी तापतच चालली, तर काय होईल?" मी विचारले. तो उत्साहाने सांगू लागला आणि वहीच्या मागच्या पानावर त्याने एक आलेख काढला: आडवे तापमान, उभे माद्यांचे शेकडा प्रमाण. रेघ आधी सपाट, मग एकदम चढणारी, मग पुन्हा सपाट. "सगळ्यात जास्त कुठे चढते, ते कसं काढायचं?" या माझ्या प्रश्नावर तो थांबला. उत्तर मलाही काढता येत नव्हते. पण ते कोणत्या पुस्तकात आहे, हे मला चांगले माहीत होते. तो आलेखाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मॅथ्स लागणारच."

शेवटची लढाई मराठीची झाली. ज्याला त्याला सल्ला होता, "मराठी सोडा, आय.टी. घ्या, पैकीच्या पैकी पडतात." गुणांचा सल्ला! तो शब्द मी पूर्वीही ऐकला होता. मी हिशेब मांडून दाखवला. भौतिक, रसायन, गणित, जीव असे चार, इंग्रजी पाचवा, राहतो एकच. बाबा इतका वेळ तिकिटांच्या हिशेबात असल्यासारखे गप्प होते. ते म्हणाले, "बाहेर गेल्यावर कॉम्प्युटर तर शिकशीलच. मराठी तिथे कोण शिकवणार आहे?" धाकट्याने मराठी लिहिली. या वार्षिक अंकाच्या वाचकांना ही गोष्ट आवडेल, म्हणून मुद्दाम सांगितली.

त्याच रात्री बाबांनी मला विचारले, "खर्च किती येतो गं?" मी आकडे सांगितले. इंग्लंडची तीन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च ऐकून ते काही बोलले नाहीत. सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या बहुतांशी पदवीनंतरच्या शिक्षणासाठी असतात, हेही मी सांगितले. मग म्हटले, "बाबा, नारळीकरही इथे बी.एस्सी. करूनच गेले होते. आणि याने हे चार विषय घेतले तर रत्नागिरीत, मुंबईत किंवा गोव्यात शिकायचं म्हटलं तरी कुठलं दार बंद होत नाही." बाबा म्हणाले, "मग ठीक आहे. दारं उघडी असली म्हणजे झालं. तिकिटाचं बघू." थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "तू तेव्हा बोलली का नाहीस?"

त्यांना कसे कळले, मी विचारले नाही. कदाचित वही त्यांनी चाळली असावी. "तुम्ही हसाल असं वाटलं," मी म्हणाले. ते म्हणाले, "हसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आलो असतो."

धाकट्याचे अकरावीचे वर्ष आता संपत आले आहे. चार शास्त्रे एकदम ओढताना त्याची दमछाक होते, जर्नले रात्री बारापर्यंत चालतात, पहिल्या चाचणीत गणिताने त्याला चांगलाच हात दाखवला. तो बाहेर जाईल की नाही, कोण जाणे. आंजर्ल्याला मात्र यंदाही गेला.

आणि मी? मुक्त विद्यालयाच्या राष्ट्रीय संस्थेत बारावीचा एखादाच विषय घेऊनही परीक्षा देता येते, असे वही भरताना माझ्या वाचनात आले होते. अर्ज अजून केलेला नाही. तृतीय वर्षाची परीक्षा तोंडावर आहे. पण धाकटा झोपला की त्याचे गणिताचे पुस्तक मी घेते. सीमा हे प्रकरण झाले, आता अवकलन चालू आहे. परवा त्या कासवांच्या रेघेचा सर्वांत जास्त चढ कुठे, हे मला काढता आले. उत्तर खरे आहे का, ते सकाळी त्याच्याकडून तपासून घेतले. तो म्हणाला, "बरोबर आहे, पण ताई, मधली एक पायरी गाळलीस."

ती पायरी मी पुन्हा लिहून काढली.